तू म्हणशील तसं

रात्रभरात डोंगरावरचा निवारा पंचवीस मीटर उंच झाला होता. निदान वहिनीच्या घड्याळातलं उंचीमापक तसं सांगत होतं. निवारा अर्थातच जागचा हलला नव्हता. हवेचा दाब उतरला होता.

"दुपारपर्यंत हवा बिघडणार," ती म्हणाली.

"बाहेर लख्ख ऊन आहे," नणंद बुटाची नाडी आवळत म्हणाली. "पण असेल बाई. तू म्हणशील तसं."

खिंडीत पोचेपर्यंत मिरीएवढ्या गारा पडून गेल्या आणि पुन्हा ऊन आलं. इथे वाट फुटत होती. एक डोंगराच्या धारेवरून थेट पुढच्या निवाऱ्याला. दुसरी खालच्या झाडीतून, बराच वळसा घालून.

"कुठून जायचं?" नणंदेने विचारलं.

"तुला कुठून आवडेल?"

काल दोघी अशाच चुकल्या होत्या. वहिनीला वाटलं, नणंदेला ओढ्याकाठची वाट हवी आहे. नणंदेला वाटलं, वहिनीला हवी आहे. वाट चुकल्याचं पहिल्याच वळणावर दोघींच्या लक्षात आलं होतं. पण दुसरीचा विरस कशाला, म्हणून दोघी मुकाट्याने एका रिकाम्या गोठ्याच्या बंद दारापर्यंत चालत गेल्या.

नणंदेने सॅक उतरवली आणि तिच्यावरच बैठक मारली.

"आज मी काही म्हणणार नाही. आपल्या घरात कुणीच काही म्हणत नाही. दादा म्हणतो, तुला पटेल ते कर. आई म्हणते, तुमचं तुम्ही बघा. आणि तू महिनाभर ती नवी नोकरी उशाशी घेऊन झोपतेयस. कधी कळवायचंय?"

"सोमवारी."

"म्हणजे परवा."

"दोन वर्षं लांब राहायचं," वहिनी म्हणाली. "प्रयोगशाळा मी उभी करीन, त्याची काळजी नाही. पण आईंची रोजची इंजेक्शनं? तुम्हा कुणाला टोचायला जमत नाही."

"आज कोण टोचतंय?"

"तुझा दादा."

"मग झालं. आईला टोचलं असेल, नाहीतर स्वतःला. दोघं धडधाकट असतील."

वहिनीला हसू आलं. "वन्सं, उठा आता. गारठाल."

"गारठू दे. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, वहिनी. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, की ये आणि टोच?"

वहिनीने धारेकडे पाहिलं. वारा फिरला होता. धारेचं पलीकडचं टोक ढगात गेलं होतं आणि ढग बुडाशी काळा पडत चालला होता. थोड्या वेळाने लांबवर गडगडलं. तिने टोपी कानांवर ओढली, सॅकचे पट्टे आवळले.

"खालून," ती म्हणाली. "वर विजेपासून आडोसा नाही."

नणंद बसूनच राहिली.

वहिनीने हात पुढे केला आणि तिला ओढून उभं केलं.

"आणि नोकरी मी घेतेय. आईंचं सकाळचं इंजेक्शन तू द्यायचं, रात्रीचं तुझ्या दादाने."