हिलरीचे बूट

घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे त्याचे कपडे पलीकडच्या गावातल्या धर्मादाय दुकानात देतात. म्हणजे आपल्याच रस्त्यावर कुणी ते घालून समोर येत नाही. माझ्या बायकोचे, हिलरीचे, डोंगर चढायचे बूट मी तिला पुरल्याच्या दुसऱ्याच दिवशी केंडलच्या दुकानात नेऊन दिले. एवढी घाई करायला नको होती.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो. तिथे तंबूचे खुंटे, थर्मास, पावसाळी कोट स्वस्तात मिळतात. मला जुनी सॅक हवी होती, निदान मनाशी मी तसंच म्हणत होतो.

बूट अजून फळीवर होते. त्यांना ओला चिखल लागला होता.

"ते नका बघू, काका," काउंटरवरची ग्लेनिस म्हणाली. "रोज संध्याकाळी घासून ठेवते, सकाळी पुन्हा तेच. नवरा म्हणतो, तूच घालून नाचत असशील."

"तुम्हाला होतात?"

"छे हो. माझे पाय म्हणजे होड्या. कुणाचे होते कोण जाणे."



मी बूट उलटे केले. खाचांमध्ये तांबडी खडी अडकली होती. हिलरी गेल्यावर मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तशीच खडी टाकली. तिने ती कधी पाहिलीही नव्हती.

टाचा कोरड्या होत्या. चिखल फक्त चवड्यांना होता, खिडकीतून आत बघायला उंच झाल्यावर लागतो तसा.