पांढऱ्या उंदरांचा निकाल

गुलाम रसूलने सायकल कवेलूच्या छपराच्या घरापुढे टेकवली आणि पिशवीतून पाकीट काढलं.

"निकाल आला जी," तो म्हणाला.

अंगणात सुकरी लाखोरीची डाळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. तिचा नवरा इसरू बैलांना पाणी पाजून येत होता, तो बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला. आणि अंगणापलीकडच्या कोठ्यातून, बैलांच्या शेजारच्या खोपटातून, इसरूची आई गिरजाबाई बाहेर आली. रोज जिथवर यायची तिथवरच आली.

गुलाम रसूल नागभीडचा. कुष्ठरोगाच्या दवाखान्यात कामाला. गोळ्या घेऊन गावोगाव फिरायचा. गिरजाबाईच्या दोन वर्षांच्या गोळ्या संपल्या, तरी तिच्या कानाच्या पाळीत जंतू दिसतच होते. ते जिवंत आहेत की मेलेले, याची दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाला खात्री देता येईना. म्हणून तिच्या कातडीचा मुगाएवढा तुकडा बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथं त्यातले जंतू पांढऱ्या उंदरांच्या तळपायात टोचतात. जिवंत असले तर वाढतात. पण त्याला वर्ष लागतं.

"काईच नाई वाढलं," गुलाम रसूल म्हणाला. "एकाही उंदराच्या पायात नाई. सारे मेलेले जंतू होते."

इसरूने बादली खाली ठेवली. "म्हणजे आता साफ झाली माय?"

"आता नाई. तुकडा काढला त्या दिवशीच साफ होती. त्याच्याही आधीपासून."

इसरूने कोठ्याकडे पाहिलं. "मंग वर्षभर तिले कोठ्यात काऊन ठेवलं आमी?"

उत्तर गुलाम रसूलकडे होतं. गोळ्या सुरू झाल्या की रोग दुसऱ्याला लागत नाही, हे त्याने याच अंगणात दहादा सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. तुकडा पाठवला तेव्हा सुकरीचे दिवस भरत आले होते. "आत्याबाई घरात राहतीन तं मी माहेरी जातो," असं म्हणून ती बोचकं बांधून बसली होती. तेव्हा भांडण मिटावं म्हणून गुलाम रसूलच बोलून गेला होता, "उंदराइचा निकाल येऊ द्या. तवरोक बाई बाजूले राहतीन." बाईला गावाबाहेर तर काढणार नाहीत, एवढंच त्याने पाहिलं होतं. तेव्हा त्याला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

"माहीच चूक हाय," तो म्हणाला. "मीच थांबा म्हणलो होतो."

सुकरी उठली. आत गेली आणि तेरा महिन्यांच्या दिव्यानीला कडेवर घेऊन आली. सगळं अंगण ओलांडून सासूपुढे उभी राहिली.

"घ्या, आत्याबाई."

गिरजाबाईने दोन्ही हात लुगड्याला पुसले. पुन्हा एकदा पुसले. मग पुढे केले.

पोरीने ते हात पाहिले आणि किंकाळी फोडली. रांगायला लागल्यापासून ती कोठ्याच्या बाजूला वळली की कुणीतरी धावत यायचं आणि दंडाला धरून मागे ओढायचं. ती शिकली होती. तिने आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. सुकरी तिचे हात सोडवायला गेली, ते सुटेनात, आणि सोडवता सोडवता सुकरीच रडायला लागली.

"राहू दे," गिरजाबाई म्हणाली. "रडवू नोको तिले. ती येईन तवा येईन."

तिने हात मागे घेतले. त्यांचं काय करावं हे तिला काही वेळ कळलं नाही.

इसरू कोठ्यात गेला आणि आईची बाज उचलून घेऊन आला. ओसरीत नेऊन ठेवली, मग थोडी आत सरकवली. आईकडे त्याने पाहिलं नाही.

गुलाम रसूल निघाला, तशी गिरजाबाई त्याच्या सायकलीसोबत रस्त्यापर्यंत चालत आली.

"त्या उंदराइचं काय झालं जी, रसूलभाऊ?"

गुलाम रसूल थांबला. इतक्या वर्षांत त्याने रोग्यांना बरं वाटावं म्हणून कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. सोडून दिले, म्हणणं अवघड नव्हतं.

"मारा लागते, बाई. पायाच्या आत पाहा लागते ना."

"सारेच?"

"सारेच."

गिरजाबाईने मान हलवली. "तवरोक कुठी ठेवते त्याइले?"

"पिंजऱ्यात."

"वर्षभर?"

"वर्षभर." मग त्याला वाटलं, एवढ्यावर थांबू नये. "पण त्याइच्याचमुळे कळलं, बाई. तुमी खाल्ल्या त्या गोळ्याही पह्यले उंदराइले देऊनच पाह्यल्या होत्या. लाखो लोक बरे झाले त्या गोळ्याइवर."

"हो ना. मी कुठी नाई म्हणतो."

घरात पोरीचं रडणं थांबलं होतं. गिरजाबाईने तिकडे कान दिला. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली,

"मले तं तुमी येऊन सांगलं. त्या उंदराइले कोनी सांगलं असन का, तुमच्यात काई निंगालं नाई म्हणून?"