देवापुढची साखर

काउंटीचा तुरुंग इतका भरला होता की निम्मे कैदी पाच तासांवरच्या दुसऱ्या काउंटीत ठेवावे लागत होते. नवा तुरुंग बांधायचा तर सेल्स टॅक्स वाढवावा लागणार, आणि त्यासाठी शेरीफला सिटी कौन्सिलचा पाठिंबा हवा होता. त्यानं बेड्या घालून बसमध्ये चढणाऱ्या कैद्यांचा फोटो दाखवला. सगळे पाठमोरे होते; तरी कौन्सिलर उल्का एकेकाला निरखत राहिली. पाठिंब्यासाठी पहिला हात तिचाच वर गेला.

"उल्काताई, आमच्या टॅक्समधून गुन्हेगारांना नवं घर?" महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत राजेश तावातावानं म्हणाला.

"जाऊ दे ना यार," त्याची बायको निधी मध्ये पडली. "ताई, तुमचा लेक कसा आहे? शंतनू सॅन होजेलाच ना अजून?"

"हो ना. नवा प्रोजेक्ट. सुट्टीच मिळत नाही त्याला."

नोव्हेंबरच्या मतदानात टॅक्स पास झाला. उल्कानं देवापुढे साखर ठेवली, हात जोडले आणि नवऱ्याला हाक मारली.



"अहो, दोन वर्षांत बांधून होईल म्हणे. मग शंतनूला इकडेच आणतील."