फोटोपुरती थंडी

“ताई, ती गोधडी काढा आधी,” कार्यकर्ता सगुणाला म्हणाला. “एवढ्या उबेत असलेल्या लेकराला ब्लँकेट दिलं, तर फोटोत काय दिसणार?”

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपुढे भल्या सकाळी पुढारी भाऊसाहेबांच्या ब्लँकेट वाटपाचा मांडव घातला होता. सगुणाची चार महिन्यांची लेक आजीनं शिवलेल्या गोधडीत गाढ झोपली होती. गोधडी निघाली. मग टोपरं निघालं, कारण ते फारच नवं दिसत होतं. लेकीला छातीशी धरून सगुणानं वरून पदर घेतला, तर फोटोग्राफर ओरडला, “चेहरा झाकू नका हो!” फडावरून येणारं बोचरं वारं मात्र कुणालाच थांबवता आलं नाही.

भाऊसाहेब तासभर उशिरा, हीटर लावलेल्या गाडीतून मफलर सारखा करत उतरले. तोवर पोर रडून रडून दमली होती. तिचे ओठ थरथरत होते.

“आता कसं, झकास!” फोटोग्राफर म्हणाला.

स्वतःचा हसरा चेहरा छापलेलं पातळसं ब्लँकेट भाऊसाहेबांनी तिच्या अंगावर घातलं. पोर शिंकली. भाऊसाहेबांना माइकवरच गहिवरून आलं.

“बघा, कसं गारठलंय लेकरू! आज आम्ही आलो नसतो, तर काय झालं असतं हिचं?” आणि आभार ऐकायला त्यांनी माइक सगुणापुढे धरला.

सगुणानं ब्लँकेट बाजूला सारलं. लेकीला पुन्हा गोधडीत गुंडाळलं. मग माइकजवळ तोंड नेलं.

“काय व्हायचं होतं, सायेब? निवांत झोपली असती.”