गाडीतलं बिऱ्हाड

"तू फक्त बोलू नकोस," लहूने जिना चढता चढता पुन्हा बजावलं. "खोटं मीही बोलणार नाही. आडनाव जाधव, गाव साताऱ्याकडचं. एवढंच सांगायचं. पुढचं कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन कशाला सांगायचं?"

 गुणवंतीला आठवा महिना लागला होता. कठड्याला धरून ती एकेक पायरी चढत होती.

गणपती गेल्यापासून दोघांचं बिऱ्हाड पिकअपमध्ये होतं. डिलाईल रोडला चुलत्याच्या खोलीत गावाकडून आणखी माणसं आली, तेव्हा गुणवंतीनेच आपली ट्रंक उचलली होती. गाडी लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली, जुनी. पण लहूच्या मालकीची. दिवसा तिच्यातून गिरण्यांतलं वाया गेलेलं सूत कॉटन ग्रीनच्या गोदामांत जाई. संध्याकाळी ती गोदामाच्या भिंतीशी उभी राहिली की गुणवंती मागचा फाळका पाडून त्यावर स्टो पेटवी आणि वर ताडपत्री बांधी. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापे. पहाटे दव पडून पांघरूण ओलं होई. भिंतीवर कुणीतरी डांबराने हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'मुंबई आमची'. त्या अक्षरांखाली बसून ती भाकऱ्या थापी. "खोली मिळेपर्यंत हीच आपली खोली," म्हणायची, आणि सकाळी गाडी निघायच्या आधी पाठीमागची जागा झाडून काढायची.

आजची खोली रमाकांतने सुचवली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना लहू गाडी फुकट द्यायचा आणि रमाकांत त्या गाडीत उभा राहून घोषणा द्यायचा. अश्रुधुरातून पळताना दोघांनी एकाच ओल्या फडक्याने डोळे पुसले होते. लोअर परळला रमाकांतच्या आईकडे, राधाबाईंकडे, एक खोली रिकामी होती. "आईला मी जाधव एवढंच सांगितलंय," रमाकांत म्हणाला होता. "बाकीचं तूही बोलू नकोस, लहू."

राधाबाईंनी गुणवंतीचं पोट पाहिलं आणि आधी तिला बसायला पाट दिला. चहा दिला. मग रमाकांतला सोबत घेऊन खोली दाखवली. खिडकी होती. मोरी होती. पाळणा कुठे बांधायचा तेही लहूने मनात ठरवून टाकलं.

"साताऱ्याकडचे जाधव म्हणजे आपलीच माणसं," राधाबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीतला कोनाडा पदराने पुसला. "इथे तुझे देव मांड, पोरी. माझे मी आत नेते."

लहूने गुणवंतीकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला.

"आजी, आमच्याकडे देव नाहीत. दसऱ्याला नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली. बौद्ध झालो."

राधाबाईंचा हात कोनाड्यावरच राहिला. मग त्यांनी पदर अंगाशी आवरून घेतला आणि मुलाकडे पाहिलं. रमाकांत खिडकीबाहेर बघत होता.

दोघं जिना उतरू लागली तेव्हा रमाकांत मागून धावत आला. "आई जुन्या वळणाची आहे रे," तो म्हणाला. लहूने ऐकून घेतलं. पण गाडीत बसल्यावर त्याने दार इतक्या जोरात आपटलं की काच खाली घसरली.

"पोर कुठे जन्माला घालणार आहेस? फाळक्यावर?"

"घालीन," गुणवंती म्हणाली. "गाडीत जन्मलं तर जन्मलं. पण आपण कोण ते लपवायला मी त्याला पोटातूनच शिकवणार नाही. तुम्हाला राग यायचा तर येऊ दे."

लहूने गाडी सुरू केली. नागपूरच्या मैदानात लाखो माणसांबरोबर त्याने मोठ्याने प्रतिज्ञा म्हटल्या होत्या, घसा बसेपर्यंत. आणि आज एका चाळीच्या जिन्यात त्याचा तोच आवाज कुजबुजीवर आला होता. परळचा नाका येईपर्यंत त्याचा राग गुणवंतीवर राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून त्याने गाडी शिवडीकडे घातली. गुणवंती शेजारी बसली होती. जिथे खोली रिकामी असल्याचं कळे तिथे तो उतरे आणि कुणी नाव विचारायच्या आत सांगून टाकी, "आम्ही कालचे महार, आजचे बौद्ध. खोली बघायला आलोय." एका दारात नुसती मान हलली. एक दार तोंडावर लागलं. एकाने "कालच दिली हो" म्हणून सांगितलं, आणि त्याच्या मागे रिकाम्या खोलीत जळमटं लोंबत होती. लहू परत येऊन बसे आणि गाडी पुढे घेई. दर दारागणिक त्याचा आवाज मात्र चढत गेला. गुणवंतीला तो गाडीत बसल्या जागी ऐकू येऊ लागला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते कोळीवाड्यात पोचले. गंगुबाई नावाच्या कोळणीची मागची खोली रिकामी आहे, असं नाक्यावर कळलं होतं. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. लहूने लांबूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, आपलं वाक्य म्हटलं आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

गंगुबाईने हातातले बोंबील दोरीवर टाकले. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या खांद्यावरून ती गाडीकडे बघत होती.

"ते राहू दे मेल्या," ती ओरडली, "भरल्या दिवसांची बाय तिथं उन्हात कशाला बसवून ठेवलीस?"