जाळीतले धनी

बयाबाईनं कोथिंबिरीची जुडी पदरानं टिपून कोरडी केली, चार काड्या जाळीतून आत सरकवल्या आणि हळूच म्हणाली, "आवं, खावा की."

जाळीतल्या गिनीपिगानं मिशा हलवल्या. ससा म्हणावं तर कान आखूड, उंदीर म्हणावं तर अंगानं दांडगं आणि शेपटीचा पत्ता नाही, असं ते तपकिरी जनावर. एरवी तिनं त्याला हुसकूनच लावलं असतं. पण सध्या ती त्याला अहोजाहो करत होती, कारण तिच्या लेखी ते जनावर म्हणजे तिचा नवराच होता.

नवऱ्याला, बिराप्पाला, खोकला लागला होता. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालेलं, जतकडच्या माळावर त्या साली कधी नव्हे ती कुरणं बरी होती. नेमकं तेव्हाच मेंढरं भावाच्या गळ्यात घालून त्याला सांगलीच्या दवाखान्यात यावं लागलं. साताऱ्याहून आलेल्या डॉक्टरांना क्षयाचा संशय आला. खात्री करायची तर थुंकी गिनीपिगाला टोचायची आणि वाट बघायची. दीड महिन्यात जनावर वाळलं, जांघेत गाठी आल्या, तर क्षय. ठणठणीत राहिलं तर खुशाल घरी जा. सोबतच्या माणसालाही तपासायची इथली रीत होती म्हणे. म्हणून डॉक्टरांनी बयाबाईच्या पाठीवरही बोटं वाजवली आणि तिलाही डबीत थुंकायला लावलं. ती लाजेनं अर्धमेली झाली.

क्षय म्हणजे काय ते तिला कुणी समजावायला नको होतं. तिची थोरली बहीण हरणाबाई त्यातच गेली. रोगाचं नाव कानावर पडलं त्या दिवशी हरणाबाईनं भिंतीकडं तोंड केलं, घास म्हणून घेतला नाही आणि रोगानं नेण्याआधी ती भीतीनंच संपली. त्यामुळं बिराप्पासमोर बयाबाई त्या रोगाचं नाव काढत नसे. तिनं एवढंच ठरवलं, की हे जनावर मरू द्यायचं नाही.

पिंजऱ्यांकडं बघायला गुंडा नावाचा माणूस होता. तो स्वयंपाकघरातली बटाट्याची सालं आत टाकून मोकळा व्हायचा. बयाबाईनं त्याच्याशी गोड बोलून ते काम आपल्याकडं घेतलं. बाजारातून ती चांगला कोबी घेऊन आली, नळाखाली धुतला आणि तसाच ओला अख्खा गड्डा आत ठेवला. जनावरानं दिवसभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी ते पोट फुगवून कोपऱ्यात बसलं आणि काही केल्या हलेना.

ती जाळीपाशी बसून रडली. जन्म मेंढरांमागं गेलेला. ओला पाला हावरटासारखा खाल्ला की जनावर फुगतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण मेंढराला मोजून घालायचं असतं, नवऱ्याला वाढताना हात आखडायचा नसतो. त्या नादात तिनं घात केला होता.

डॉक्टर आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खाऊ घातलं म्हणून रोग अडत नाही, बाई. पण असं खाऊ घातलंत तर रोगाआधी तुम्हीच माराल त्याला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गवत पोटभर द्यायचं, तेच खरं जेवण. वर थोडी कोथिंबीर, गाजराचा तुकडा. कोबी फार तर बोटभर. बटाटा, कांदा, लसूण अजिबात नाही. भाजी ताजी, धुतलेली आणि कोरडी हवी. उरलेली संध्याकाळी काढून टाकायची, शिळी खाऊ द्यायची नाही. बयाबाईनं सगळं मनात घोकलं. नुसत्या वाळल्या गवतावर जनावर सावरलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

इकडं खोलीत बिराप्पाचे वेगळेच नखरे. ती आत आली की त्याला हमखास खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध आणि अंडी तो एकटा खायला तयार नसे. "आदी तू खा, मग मी खातो," म्हणून अडून बसायचा. खिडकीतला वारा सोसत नाही म्हणून त्यानं कॉटवर तिला झोपवलं आणि आपण खाली वाकळ पसरली. पाण्याची घागरही तिला उचलू देईना. आजारी माणूस पोरासारखा हट्टी होतो, असं म्हणून ती निमूट ऐकायची.

दिवस सरत गेले. चुलीच्या धुरानं तिला घरी येणारा खोकला इथं थांबला. चोळीची बाही दंडाला घट्ट होऊ लागली. नवरा आजारी आणि आपल्या अंगावर मांस चढतंय, याची तिला फार शरम वाटे.

अखेर तो दिवस उजाडला. डॉक्टरांनी जनावर तराजूत घातलं, उलटंपालटं करून जांघ चाचपली आणि पुन्हा एकदा चाचपली. ते नुसतं "या" म्हणाले आणि बयाबाईला घेऊन खोलीकडं निघाले.

"जनावर धडधाकट आहे," डॉक्टर दारातूनच बिराप्पाला म्हणाले. "वजन वाढलंय, गाठ नाही. क्षय नाही. आता तुमचं तुम्ही बोला." आणि ते लगेच निघून गेले.

बिराप्पा मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बयाबाईनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ती त्याच्याजवळ बसली. "आवं, आता का रडताय? तुमाला काय बी झालं न्हाई."

"मला काय बी झालंच न्हवतं, बया," तो डोळे पुसत म्हणाला. "त्येला टोचली ती थुंकी तुजी हुती."