सरळ चाललेली नाव

होळी झाली की सोनाजी औरंगाबादहून आईबापाला घेऊन जायकवाडीच्या पाण्यात नाव वल्हवायला जायचा. बाप कायम डावीकडं बसून वल्हं मारायचा, सोनाजी उजवीकडं. बाप वारला तशी आई बोलायचीच थांबली. तिला जरा बरं वाटावं म्हणून यंदा सोनाजीनं तिला लई मिनतवारीनं नावेत बसवलं.

पार मधोमध आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. सवयीनं तो एकटा उजवीकडंच वल्हं मारत होता. अशानं नाव जागच्या जागी गोल फिरायला पायजे. ती तर सरळ चालली होती.

"हळू मार रं," आई म्हणाली. "तुझ्या बापाला दम लागतो."

सोनाजीनं वल्हं पाण्याबाहेर काढलं. नाव हळूहळू उजवीकडं वळू लागली.

डावीकडच्या रिकाम्या फळीकडं बघून आई हसली. "बघा, तुमचा लेकच आधी दमला."